इंजिन खोलण्याआधी हीटर तपासा

मालेगावात थंडी सुरू झाली की पहाटे लूमच्या खडखडाटाबरोबर आणखी एक आवाज गल्लोगल्ली ऐकू येतो. कोणाच्या तरी जुन्या मॅटाडोरचा किंवा पिकअपचा सेल्फ घरघरत असतो आणि गाडी काही सुरू होत नाही. मग दोन पोरे धक्का मारतात, कोणी पेट्रोलचा बोळा आणतो, आणि गाडी पांढरा धूर ओकत कशीबशी चालू होते. मालक ओट्यावर उभा राहून म्हणतो, "इंजिन गेले आता." या एका वाक्यापायी आपल्या लहान व्यापाऱ्यांचे आणि कारागिरांचे किती पैसे गॅरेजात गेले असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. माझे किती गेले तेवढे मला माहीत आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. थंडीत सुरू न होणाऱ्या जुन्या डिझेल गाडीचे इंजिन हीटर प्लग तपासल्याशिवाय कोणालाही खोलू देऊ नये. आणि ही तपासणी मालकाने स्वतः शिकून घ्यावी. ती अर्ध्या तासाची आहे आणि तिला लागणारे सामान म्हणजे एक बल्ब, दोन वायरी आणि एक पाना.

मी मेकॅनिक नाही. कोऱ्या कापडाचा व्यापारी आहे. लूमवाल्यांकडून ताके घ्यायचे, तपासायचे, भिवंडीला आणि पुढे पाली-बालोतऱ्याला जाणाऱ्या पार्ट्यांना पोहोचवायचे, हा माझा धंदा. ट्रान्सपोर्टच्या भाड्याला कंटाळून २००१ साली मी एक जुनी मॅटाडोर घेतली. बजाज टेम्पो कंपनीची, जिचे नाव २००५ पासून फोर्स मोटर्स झाले. इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ जातीचे, चार सिलिंडरचे. दणकट इंजिन. दोन वर्षे तिने काही तक्रार केली नाही.

२००३ च्या डिसेंबरात ती पहाटे त्रास देऊ लागली. आधी दोन सेल्फमध्ये सुरू व्हायची, मग चारमध्ये, मग सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. एकदा सुरू झाली की मात्र दिवसभर बोटावर चालायची, दुपारी चावी फिरवताच घेत होती. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे. ड्रायव्हरने तोड काढली. एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरायचा आणि सेल्फ मारायचा. गाडी धडाड आवाज करून सुरू व्हायची. मला वाटले, चला, काम भागले. मीच त्याला सांगून ठेवले होते, "पेट्रोल पाज, काही कर, पण सहाच्या आत गाडी काढ." हे माझे शब्द आहेत, त्यांचे बिल मला नंतर आले.

जानेवारी २००४ मध्ये एका बुधवारी रात्री भिवंडीच्या पार्टीचा माल भरून ठेवला. गुरुवारी दुपारपर्यंत पोहोचवायचा वायदा होता, कारण पार्टीचा पुढचा ट्रक संध्याकाळी राजस्थानला सुटणार होता. मालेगावाहून भिवंडी म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये कसाऱ्याचा घाट. फजरनंतर लगेच निघालो तरच जमणार. त्या दिवशी गाडी ना सेल्फला मानली ना पेट्रोलला. धक्का मारून चौकापर्यंत नेली. नऊ वाजता ऊन तापल्यावर सुरू झाली. माल पोहोचला तेव्हा ट्रक निघून गेला होता. पार्टीने माल ठेवून घेतला, पण भाव कापला. शिवाय त्यानंतर निम्मी ऑर्डर दुसऱ्याला जाऊ लागली. कापडात खोट नव्हती. वायदा चुकला होता.

परत आल्यावर गाडी गॅरेजात टाकली. गॅरेज गावात चालणारे होते, नाव घेण्याची गरज नाही. उस्तादांनी आवाज ऐकला, धूर पाहिला आणि सांगितले, "शेठ, कॉम्प्रेशन गेले. बोअर करावा लागेल, पिस्टन-रिंग नवे, नोझल नवे. बत्तीस हजार धरा." २००४ सालचे बत्तीस हजार. गाडीच त्याच्या दुप्पट-अडीचपट किमतीला घेतलेली. घरात बांगड्या गहाण ठेवण्याची बोलणी झाली. माणूस खोटारडा होता असे मी म्हणणार नाही. त्याने जे रोज पाहिले ते सांगितले. पण त्याने मोजले काहीच नाही. ना कॉम्प्रेशनचे घड्याळ लावले, ना हीटरला हात लावला.

योगायोगाने त्याच दिवशी बॅटरी चार्ज करायला आग्रा रोडवरच्या एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी बसल्या बसल्या विचारले, "बेटा, सेल्फ मारतोस तेव्हा धूर येतो का?"

"येतो चाचा."

"काळा का पांढरा?"

"पांढरा. डिझेलचा वास मारतो."

"आणि दुपारी?"

"दुपारी लगेच सुरू होते."

"मग डिझेल पोहोचते आहे, आग पोहोचत नाही. गाडी घेऊन ये, पण रात्रभर थंड झालेली आण."

आता या आगीची गोष्ट थोडी समजून घेऊ, कारण ती समजली की पुढचे सगळे सोपे आहे. पेट्रोल गाडीत ठिणगी असते. डिझेलमध्ये ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापते, आणि तापलेल्या हवेत नोझलने डिझेल फवारले की ते पेट घेते. आमच्या मॅटाडोरसारख्या जुन्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही. डोक्यात, म्हणजे हेडमध्ये, एक लहान खोली असते, तिथे आधी पेटते. इंजिन थंड असेल तर या खोलीच्या भिंती हवेची गरमी शोषून घेतात, डिझेल पेटत नाही, आणि न जळलेले डिझेल पांढरा धूर होऊन सायलेन्सरमधून बाहेर येते. म्हणून प्रत्येक खोलीत पेन्सिलीएवढी एक विजेची कांडी बसवलेली असते. तिचे पुस्तकी नाव ग्लो प्लग. आपण तिला हीटर म्हणतो. करंट दिला की तिचे टोक आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापून लाल होते. एका सिलिंडरला एक हीटर. मोठ्या ट्रकांची इंजिने बहुधा थेट फवाऱ्याची असतात, त्यांना असे हीटर लागत नाहीत. त्यामुळे ट्रकवाल्या भावाचा सल्ला पिकअपला लागू पडेलच असे नाही.

उन्हाळ्यात चारपैकी दोन हीटर मेले तरी गाडी सुरू होते. मालकाला पत्ता लागत नाही. हीटर एकेक करून मरतात आणि जानेवारीत सगळ्यांचा हिशेब एकदम होतो. सुतात गाठी असतात, पण बीम लूमवर चढेपर्यंत कोणाला दिसत नाहीत, तसेच हे.

चाचांनी काय केले ते क्रमाने सांगतो. त्यांनी इंडिकेटरचा बारा व्होल्टचा, एकवीस वॅटचा बल्ब घेतला. त्याला दोन लांब वायरी जोडलेल्या. आधी मला चावी हीटरवर धरायला सांगितली आणि बल्बची एक वायर हीटरांच्या माथ्यावरून जाणाऱ्या पट्टीला, दुसरी इंजिनच्या साफ लोखंडाला लावली. बल्ब लागला, पण मंद, पिवळा. "करंट निघतो पण पुरा येत नाही," चाचा म्हणाले. रिले खोलला तर आतले पॉइंट जळून काळे पडले होते. रिले टक असा आवाज करत होता म्हणून ड्रायव्हर निर्धास्त होता. आवाज येतो याचा अर्थ करंट जातो असा नाही. डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवाही रोज लागत होता. पुष्कळ गाड्यांत तो दिवा फक्त वेळ दाखवतो, हीटर तापला की नाही हे त्याला ठाऊक नसते. ही तपासणी हीटर जोडलेले असतानाच करावी. पट्टी सोडून मोकळ्या वायरीला बल्ब लावला तर जळका पॉइंटही एका बल्बापुरता करंट देतो आणि बल्ब झगझगीत लागून आपल्याला फसवतो.

मग चावी बंद करून त्यांनी ती पट्टी काढली. हे महत्त्वाचे. पट्टी तशीच ठेवून तपासले तर एक चांगला हीटर बाकीच्या मेलेल्यांची साक्ष देतो, बल्ब सगळीकडे लागतो. पट्टी काढल्यावर बल्बची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी एकेका हीटरच्या टोकाला. हीटर आतून अखंड असेल तर बल्ब लागतो, तार तुटली असेल तर नाही. पहिल्या हीटरवर लागला. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावर नाही. चौथ्यावर नाही. चाचा काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे पाहिले. बत्तीस हजारांचे अंदाजपत्रक माझ्या खिशात होते.

बल्ब लागला म्हणजे हीटर नक्की चांगला असेही नाही. तार अखंड असून टोक नीट तापत नाही असे होते. शंका असेल तर हीटर खोलून बाहेर काढावा, पकडीत घट्ट धरावा, अंग बॅटरीच्या निगेटिव्हला आणि टोक पॉझिटिव्हला जाड वायरीने काही सेकंदच जोडावे. चांगला हीटर टोकाकडून लाल होत येतो. मधूनच लाल झाला आणि टोक काळे राहिले तर तो गेला. हाताने धरू नये, आणि जवळ डिझेलचा बोळा किंवा कापूस नसावा. हे फक्त बारा व्होल्टच्या जुन्या हीटरसाठी सांगतो आहे. हीटरच्या अंगावर व्होल्ट कोरलेले असतात, ते वाचावेत. नव्या कॉम्प्युटरच्या गाड्यांतले पुष्कळ हीटर कमी व्होल्टचे असतात, त्यांना थेट बॅटरी लावली की जळून जातात. त्यांचे काम मशीन लावणाऱ्यावरच सोडावे.

चार नवे हीटर, एक रिले आणि चाचांची मजुरी मिळून हजाराच्या आत काम झाले. चारही एकदम बदलले, कारण उरलेला एकही त्याच वयाचा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे चावी हीटरवर धरून वीस मोजले, सेल्फ मारला, गाडी पहिल्या फटक्यात सुरू. ड्रायव्हर हसत होता. मला हसू येत नव्हते, मला भिवंडीची पार्टी आठवत होती.

आता काही गोष्टी बजावून सांगतो, कारण यांत आपलेच लोक चुकतात.

पहिली गोष्ट पेट्रोलच्या बोळ्याची. आजकाल स्प्रेचे डबे मिळतात, त्यात इथर असते, ते तर पेट्रोलपेक्षाही लवकर पेट घेते. हीटर लाल असताना इथर किंवा पेट्रोलची वाफ आत गेली की ती पिस्टन वर पोहोचायच्या आधीच भडकते. पिस्टन वर येतो आहे आणि वरून स्फोट त्याला खाली ढकलतो आहे. तो धडाड आवाज याचाच असतो. रिंग तुटतात, पिस्टनचे काठ फुटतात. काही जण पेटता बोळाच तोंडाशी धरतात. तो आत ओढला गेला किंवा फिल्टरने पेट घेतला तर गाडीबरोबर मालही जाईल. आणि आपला माल म्हणजे कापड.

दुसरी गोष्ट थेट बटणाची. रिले खराब झाला की स्वस्तातला वायरिंगवाला म्हणतो, रिले कशाला, एक बटण लावून देतो, दाबून धरा. काम होते, मी नाकारत नाही. पण थंडीत ड्रायव्हर घाईत असतो, तो दोन-दोन मिनिटे बटण दाबून बसतो. हीटर फुगतात आणि जळतात. फुगलेला हीटर भोकातून निघत नाही, जोर केला की टोक तुटून आत पडते, आणि मग हेड खरोखरच खोलावे लागते. शिवाय चार हीटर मिळून चाळीस अँपिअरच्या आसपास करंट घेतात, सुरुवातीला त्याहून जास्त. हॉर्नच्या बारीक वायरीवर हा भार टाकला तर वायर वितळते. बटण लावायचेच असेल तर ते रिलेला लावावे आणि जाड वायर रिलेपासून हीटरपर्यंत न्यावी. माझे मत विचाराल तर रिले घ्यावा आणि बटणाचा नाद सोडावा.

हीटर काढताना इंजिन थोडे कोमट असावे. आदल्या रात्री चुड्यांवर गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे. अडला तर पुढे-मागे हलवत काढावा, पाइप लावून जोर करू नये. भोकात काजळी साचलेली असते, ती साफ केल्याशिवाय नवा हीटर कोंबू नये. बसवताना हलका हात ठेवावा, हेड बिडाचे असो की ॲल्युमिनियमचे, चुड्या गेल्या की खर्च वाढला. आणि बॅटरीची तार सोडून मगच पाना हातात घ्यावा. पाना पॉझिटिव्हवरून बॉडीला टेकला की वेल्डिंगसारखी आग उडते. माझ्या डाव्या अंगठ्यावर त्याची खूण आहे.

नवे हीटर दोन-तीन महिन्यांत पुन्हा जळले तर हीटरला दोष देऊन पुन्हा नवे आणू नयेत. रिले चिकटून सतत चालू राहतो का, हे आधी पाहावे. त्यानंतर अल्टरनेटर. चार्जिंग साडेचौदा व्होल्टच्या वर जात असेल तर हीटरच काय, बॅटरीही उकळेल. तिसरे म्हणजे नोझल. फवारा न मारता थेंब गाळणारे नोझल हीटरचे टोक खाऊन टाकते.

प्रत्येक वेळी दोष हीटरचाच असतो असे मात्र मी म्हणत नाही. चाचांचे प्रश्न म्हणूनच उपयोगाचे. सेल्फ मारताना धूरच येत नसेल तर डिझेल आत पोहोचत नाही. मग फिल्टर जाम आहे का, डिझेल बंद करणारा व्हॉल्व्ह उघडतो का, रात्रीत कुठून एअर घेते का, हे पाहावे. पहाटे सेल्फच्या आधी फीड पंप हाताने मारून पाहा. तेवढ्याने गाडी सुरू झाली तर एअरचा दोष आहे, पाइप आणि वायसर तपासा. सेल्फच मंद फिरत असेल तर आधी बॅटरी. हीटर आणि सेल्फ दोघेही तिच्याच ताटात जेवतात. भरलेली बॅटरी उभी असताना साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. सेल्फ मारताना साडेनवाच्या खाली गेली तर तिचा किंवा तारांचा दोष. इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी गंजलेली असली तरी हेच होते, आणि ती कोणी बघत नाही. गाडी गरम असतानाही सुरू व्हायला रडत असेल, ऑइल पीत असेल, ऑइलच्या झाकणातून वाफा मारत असेल, तर मात्र कॉम्प्रेशनचा विचार करावा. तेव्हाही घड्याळ लावून, चारही सिलिंडरचे आकडे कागदावर घेऊन.

कागदाचा मुद्दा मी जाणूनबुजून काढतो आहे. गाडीबरोबर आलेले पुस्तक इंग्रजीत होते. मी उर्दू शाळेत शिकलेला, मराठी बाजारात शिकलो, इंग्रजी बिलापुरते. ड्रायव्हरला तेवढेही नाही. गॅरेजवाल्या उस्तादांना हातचे काम येते, पुस्तक त्यांनीही उघडलेले नाही. मग सगळा कारभार जबानीवर चालतो. आपण कापड घेताना भिंग लावून धागे मोजतो, दोन धागे कमी निघाले तर ताका परत करतो. आणि तीस हजारांचे काम "आवाजावरून वाटते" एवढ्यावर देतो. माझी आपल्या व्यापारी बांधवांना विनंती आहे की गॅरेजवाल्याला चिठ्ठीवर लिहून मागा: कोणत्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन किती, कोणता हीटर चालू, कोणता बंद, पट्टीवर किती व्होल्ट. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, पण लिहा. चांगला कारागीर याने नाराज होत नाही. जो नाराज होईल त्याच्याकडून गाडी त्याच दिवशी परत आणा.

आणि गॅरेजवाले जे बांधव हे पान वाचतात त्यांनाही एक सांगणे आहे. तपासणीचे पैसे वेगळे घ्या. आपल्याकडे अर्धा तास तपासायचे दोनशे रुपये मागितले तर गिऱ्हाईक कुरकुरते, म्हणून उस्ताद तपासत नाहीत, थेट मोठे काम सांगतात आणि त्यात आपली मजुरी काढतात. यात दोष गिऱ्हाइकाचाही आहे. मी त्या चाचांना तपासणीचे म्हणून वेगळे काही दिले नव्हते, त्यांनी मागितलेही नव्हते. ही माझीच चूक समजा.

माझ्या मॅटाडोरचे पुढे काय झाले तेही सांगतो, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. हीटरने दोन हिवाळे छान निघाले. मग २००६ मध्ये ती ऑइल पिऊ लागली आणि या वेळी गरम असतानाही ताकद कमी झाली. घड्याळ लावले, तिसऱ्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा. इंजिन खोलले. तिसऱ्या पिस्टनची वरची रिंग दोन तुकड्यांत होती आणि पिस्टनचा काठ फुटलेला. दुसऱ्या गॅरेजचे उस्ताद होते, त्यांनी तुकडा हातावर ठेवून विचारले, "शेठ, हिला पेट्रोल पाजत होता का?" मी ड्रायव्हरकडे पाहिले नाही. हुकूम माझाच होता. खर्च सव्वीस हजार झाला.

२०१२ मध्ये ती गाडी सटाण्याकडच्या एका कांदा व्यापाऱ्याला विकली. तो दुपारी येतो म्हणाला, मी त्याला डिसेंबरात पहाटे सहाला बोलावले. जुनी डिझेल गाडी घेणाऱ्याने असेच करावे. आधी इंजिनवर हात ठेवून ते थंडगार आहे याची खात्री करावी, कारण विकणारा आधीच गरम करून ठेवतो. त्याने हात ठेवला, मी चावी धरून वीस मोजले, सेल्फ मारला. सुरू झाली, थोडा पांढरा धूर आला आणि लगेच विरला. पैसे मोजून झाल्यावर त्याने पेटीत पडलेल्या बल्बाकडे बोट दाखवून विचारले, हे काय. मी पट्टी काढून त्याला चारही हीटरवर बल्ब लावून दाखवला आणि तो बल्ब वायरींसकट त्याच्या हातात दिला.